काळ्या चिलखतातला मुलगा

पनवेलजवळ सुकापूरला माझा एक गाळा आहे. मी त्याला स्टुडिओ म्हणत नाही, कारण स्टुडिओ म्हटलं की लोक पासपोर्टचे फोटो काढायला येतात. एका बाजूला पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला दहावीचे क्लासेस आणि मधे मी, तेलरंगात माणसं रंगवणारी बाई. बहुतेक माणसं वारलेली असतात. कुणाचे वडील, कुणाची आई. लोक जुना, डाग पडलेला फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, जरा हसरे करा. मी करते. जिवंत माणूस समोर बसवून रंगवायची संधी क्वचितच मिळते, आणि जेव्हा मिळाली तेव्हा तो माणूस माझ्या डोळ्यांदेखत मरता मरता वाचला.

गणपती होऊन गेले होते. एका सकाळी दारात मोठी पांढरी गाडी थांबली. आधी एक धिप्पाड गृहस्थ उतरले, मागून त्यांची बायको, आणि सगळ्यांत शेवटी, मोबाइलमधून डोकं वर न काढता, त्यांचा मुलगा. कामोठ्याच्या जुन्या गावातलं घर. शेतं केव्हाच गेली होती. आता रेती-खडी पुरवायचा मोठा धंदा होता आणि गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. सगळे त्यांना शेठ म्हणत, मीही तेच म्हणू लागले.

शेठनं पुठ्ठ्याच्या नळीतून एक पोस्टर काढलं आणि माझ्या टेबलावर पसरलं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला नवरा-बायको युरोपच्या टूरवर गेले होते. तिथल्या कुठल्याशा चित्रसंग्रहालयात शेठ एका चित्रासमोर थांबले ते हलेचनात. बाकीचे बसमध्ये जाऊन बसले तरी हे तिथेच. शेवटी बाहेरच्या दुकानातून त्याचं पोस्टर घेतलं तेव्हा पाय निघाला.

"ताई, ह्या पोराच्या जागी आमचा पोरगा पायजे," ते म्हणाले. "बाकी सगला असाच."

मी पोस्टर बघत राहिले. बरोक काळातलं चित्र. बरोक म्हणजे अंधारातून ओढून काढलेली माणसं, असं आमचे कॉलेजातले सर सांगायचे, आणि हे तसंच होतं. मागे सगळा काळपट तपकिरी अंधार. डावीकडून उजेड आलेला, तो जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांच्या एका मुलाच्या कपाळावर, गालावर आणि छातीवर पडलेला. अंगात काळं पोलादी चिलखत, त्यावर आठ टोकांचा पांढरा क्रूस. गळ्याशी लेसची कॉलर. एक हात तलवारीच्या मुठीवर, दुसऱ्या हातात काढून धरलेला हातमोजा. मिसरूड नुकतं फुटलेलं. ओठ घट्ट मिटलेले. चिलखतावरचा उजेड असा रंगवला होता, की बोट लावलं तर गार लागेल.

"कोन हाय हा?" शेठच्या बायकोनं विचारलं.

पोस्टरवर त्याचं नाव नव्हतं. अमुक पंथाच्या पोशाखातला तरुण सरदार, एवढंच होतं. मला जेवढं ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं. खानदानी घरातली मुलं अशा पंथात जायची. कूळ उच्च असल्याचं सिद्ध करावं लागायचं, मग छातीवर हा क्रूस मिळायचा. पंथाची स्वतःची जहाजं असायची, त्यांवरून तुर्कांशी लढायला जावं लागायचं. देवाची शपथ घेतलेली असायची. लग्न करायचं नाही.

"लगीन नाय?" ती एकदम म्हणाली. "मंग नको हा चित्र."

शेठ मोठ्यानं हसले. "अगो, चित्रातल्या पोराला नाय करायचा लगीन. आपले पोराला कोन आडवतंय?"

त्या क्रूसाचं काय करायचं, हेही मी विचारलं. त्या जागी सूर्य काढता येईल, दुसरं काही चिन्ह काढता येईल. शेठ विचारात पडले. तेव्हा मुलगा पहिल्यांदा बोलला. पोस्टरवरून नजर न काढता म्हणाला, "राहू द्या तो. तो काढला तर हा कुणीच उरणार नाही."

कॉलेजात शिकलेला, बोलणं शहरी, वय वीस-एकवीस. चेहरा देखणा, पण सतत कुणीतरी अपमान केल्यासारखा. मला तो चेहरा रंगवावासा वाटला, हे खरं.

चिलखतासाठी आम्ही पनवेलच्या नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्याकडे गेलो. त्याच्याकडे ऐतिहासिक नाटकांचं सामान होतं. फायबरचं एक उरस्त्राण, म्हणजे छातीपुरतं चिलखत, मिळालं, ते मी काळं रंगवून घेतलं आणि पांढऱ्या कापडाचा क्रूस चिकटवला. लाकडी तलवारीला चंदेरी रंग दिला. आठवड्यातून दोन-तीनदा तो मुलगा मोटरसायकलवरून येई, टी-शर्टवर ते चिलखत चढवी आणि खिडकीजवळच्या स्टुलावर बसे. सुरुवातीला हलायचा, मान खाजवायचा, मोबाइल बघायचा. मग त्याला बसणं जमू लागलं. बसणं जमलं की माणसं बोलू लागतात.

"मॅडम, ह्यानं खरंच कुणाला मारलं असेल?" एकदा त्यानं पोस्टरकडे बघत विचारलं.

"बहुतेक मारलं असणार. जहाजावर त्यासाठीच पाठवायचे."

"मग तोंडावर दिसत का नाही?"

मी म्हटलं, "चित्रकाराला घरच्यांनी बोलावलेलं असतं. जे घरच्यांना बघायचं असतं ते तो काढतो."

त्यानं तलवार मांडीवर आडवी ठेवली. मग स्वतःहूनच सांगू लागला. गेल्या वाढदिवसाला त्याच्या मित्रांनी नाक्यावर त्याचा मोठा बॅनर लावला होता. रात्रीत कुणीतरी ब्लेडनं बॅनरवरचा त्याचा चेहरा कापला. फक्त चेहरा. बाकी बॅनर तसाच ठेवला. कुणी केलं ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या गावातल्या मुलांचं टोळकं, त्यांच्याशी दहीहंडीपासून वैर. मग ह्यानं काय केलं? त्या टोळक्यातल्या एकाला तलावाजवळ गाठलं, चौघांनी धरलं आणि ह्यानं हॉकी स्टिकनं त्याच्या गुडघ्यावर घाव घातले. गुडघा फुटेपर्यंत.

"तो अजून काठी घेऊन चालतो," तो म्हणाला. आवाजात फुशारकी नव्हती, पश्चात्तापही नव्हता. बाजारातला भाव सांगावा तसा बोलला. "पप्पांनी मिटवलं. केस झाली नाही."

माझा ब्रश त्याच्या गालावर होता. मी तो काढून घेतला आणि त्या दिवशीचं काम थांबवलं. घरी जाऊन मिस्टरांना सांगितलं. ते म्हणाले, चित्र पुरं कर आणि मोकळी हो, ह्या लोकांत अडकू नकोस. मीही तेच ठरवलं. चेहरा जवळजवळ झाला होता. हात तेवढे राहिले होते.

ते तिघं आले तेव्हा हातच चालू होते. सकाळची वेळ. शेजारी क्लासमध्ये सर प्रमेय सांगत होते, त्यांचा आवाज भिंतीतून येत होता. गिरणी चालू होती. मुलगा चिलखत घालून, तलवारीच्या मुठीवर हात ठेवून बसला होता, आणि मी त्याची बोटं बघत होते. मोटरसायकली थांबल्याचा आवाज आला. मला वाटलं, क्लासची मुलं. दार ढकलून तिघं आत घुसले. तोंडाला रुमाल. एकाच्या हातात कोयता, दुसऱ्याच्याही. तिसऱ्यानं आत येता येता दार लावून घेतलं.

कुणी शिवी दिली नाही, काही म्हणालं नाही. हे मला फार वेळ समजलं नाही, की इतकं मोठं काहीतरी इतक्या मुक्यानं कसं होतं. पहिला कोयता त्याच्या छातीवर बसला. ते फायबर पापडासारखं तडकलं आणि क्रूस मधोमध फाटला. मुलगा स्टुलावरून मागे पडला आणि पडता पडता त्यानं तलवार पुढे केली. लाकडी तलवार. दुसऱ्या घावात तिचे दोन तुकडे झाले, आणि तोच घाव मुठीवरच्या त्याच्या हातावर उतरला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. मी ती बोटं रंगवत होते. मी ती खाली फरशीवर बघितली.

मग तो ओरडला. शेजारचं प्रमेय थांबलं. तिसरा घाव गालावर, कानापासून हनुवटीपर्यंत. गाल उघडा पडला, आतले दात दिसले. मी कधी धावले ते मला आठवत नाही. मला एवढं आठवतं, की मी ईझल धरून पुढे ढकललं आणि कॅनव्हास त्यांच्या आणि त्याच्या मधे आला. कोयता कॅनव्हासमधून आरपार येऊन माझ्या उजव्या हातावर बसला. दुखलं नाही. गरम पाणी ओतल्यासारखं वाटलं. टेबलावर टर्पेंटाइनचा डबा होता. मी तो डाव्या हातानं उचलून समोरच्याच्या तोंडावर फेकला.

तो किंचाळला. डोळे चोळताना त्याचा रुमाल गळ्यात आला. आणि मी त्याचा चेहरा बघितला, हाताच्या अंतरावरून. लाल डोळे, खालचा ओठ दातांत धरलेला, हनुवटीवर जुनी खोक, डाव्या भुवईत केसांची एक रेघ नाही. तोही पोरगाच. मला म्हणाला, "आंधला केलास गं मला." त्या सगळ्या वेळात बोललेलं हे पहिलं वाक्य.

बाकीच्या दोघांनी त्याला ओढत बाहेर नेलं. मोटरसायकली गेल्या. गिरणीवाल्यानं आधी शटर अर्धं खाली ओढलं होतं, ते वर करून तो धावत आला. त्यानं पिठाच्या रिकाम्या पिशव्या मुलाच्या गालावर दाबल्या. पीठ आणि रक्त मिळून लगदा झाला. क्लासच्या सरांनी रिक्षा थांबवली. मी त्या मुलाचं डोकं मांडीवर घेऊन बसले. तो बोलायचा प्रयत्न करत होता, पण गालातून हवा जात होती. मी ऐकण्यासाठी वाकले तर म्हणाला, "बोटं." गिरणीवाल्यानं ती उचलून डब्यात ठेवली होती. पण पुढे ती जोडता आली नाहीत.

मला बरेच टाके पडले. दोन शिरा कापल्या होत्या. अजूनही त्या हातात बारीक ब्रश फार वेळ राहत नाही, थरथरतो.

दवाखान्यात पोलिसांतल्या एक बाई अधिकारी आल्या. त्यांनी विचारलं, "कुणाचा चेहरा पाहिला?"

"एकाचा," मी म्हटलं.

मागे शेठ उभे होते. मुलाच्या रक्तानं त्यांचा पांढरा शर्ट पोटापर्यंत लाल झाला होता. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला तो शब्द परत गिळावासा वाटला.

दोनच दिवसांत ते माझ्या घरी आले. चौघं-पाचजण बरोबर. मिस्टरांनी दार उघडलं. शेठ सोफ्यावर बसले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "ताई, तुमी चितारी हाव. त्याचा तोंड काढून द्या. एवढाच."

"पोलिसांना देणार आहे."

"पोलिसांना द्या. आमालाबी द्या."

"तुम्हाला नाही देणार, शेठ."

"का?"

"तुम्ही त्याला माराल म्हणून."

त्यांनी समोरच्या टीपॉयवर मूठ आपटली. वरची काच फुटली. एकदा नव्हे, ते आपटतच राहिले, तुकड्यांवर, रक्त येईस्तोवर. "माजे पोराचा गाल बघलास ना तू? बघलास ना? त्याचे तोंडातून पानी बाहेर येतं गालातून! आनि तू मना शिकवतेस?" मिस्टर मधे आले तर एकानं त्यांना भिंतीवर ढकललं, त्यांचा चष्मा खाली पडून फुटला. त्याच क्षणी शेठची बायको दारात आली. कुणीतरी तिला कळवलं असावं. तिनं आत पाऊलही टाकलं नाही. तिथूनच म्हणाली, "चला. पोरगा जागा झालाय." शेठ उठले. रक्ताचे थेंब पार लिफ्टपर्यंत गेले होते. मी ते पुसले.

त्यानंतर मी स्वयंपाकघरात बसून ते चित्र काढलं. उजवा हात गळ्यात बांधलेला, म्हणून डाव्या हातानं, पेन्सिलनं. डाव्या हातानं मी कधी काही काढलं नव्हतं. रेघा वाकड्या आल्या, पण चेहरा आला. दातांत धरलेला ओठ आला. भुवईतली रेघ आली. मी तो कागद घेऊन मिस्टरांबरोबर पोलीस स्टेशनला गेले आणि त्या बाई अधिकाऱ्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडात धरला. म्हणाल्या, "फार लहान दिसतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चित्र माझ्याच मोबाइलवर आलं. सोसायटीच्या ग्रुपवर. खाली लिहिलेलं, दिसला तर कळवा. कुणी फोटो काढला, कुणी पाठवला, ते आजवर कळलं नाही. मी त्या पोलीस बाईंना फोन केला. त्यांनी फोनवरच कुणालातरी अशी शिवी दिली, जी मी बाईच्या तोंडून कधी ऐकली नव्हती, आणि म्हणाल्या, "आम्ही निघालोच आहोत."

पण शेठची माणसं आधी पोचली. चित्रातला तो मुलगा, शेजारच्या गावच्या त्याच टोळक्यातला, मोऱ्याच्या बंदरावर होता. तिथे त्याची मावशी राहायची. सकाळच्या लाँचनं मुंबईला जाऊन तिथून पुढे पळायचा त्याचा बेत होता. जेट्टीवर तिकिटाच्या रांगेत त्याला धरलं. पुढचं मला शेठच्या मुलानंच सांगितलं, पुष्कळ नंतर, त्याच स्टुलावर बसून.

शेठच्या मुलाला त्याच्या चुलतभावांनी दवाखान्यातून उठवून नेलं. हातातली सलाईनची सुई तशीच होती, गालाला पट्ट्या. मोऱ्याला पोचेपर्यंत त्या दुसऱ्या मुलाला इतकं मारलं होतं, की त्याला उभं राहता येत नव्हतं. जेट्टीच्या कठड्याला त्याला टेकवून बसवलं होतं. चुलतभावानं ह्याच्या चांगल्या हातात कोयता दिला आणि म्हणाला, "घाल. तुजा हक हाय."

"मी घातला, मॅडम," तो म्हणाला. "खांद्यावर. खोटं कशाला सांगू. जो आवाज झाला ना, तो माझ्या गालावर झाला होता तसाच होता. हुबेहूब. मला वाटलं, मलाच लागला. तो आई आई करायला लागला. त्याची पँट ओली झाली. भाऊ म्हणाला, आता मानेवर. मी परत हात उचलला."

"मानेवर?"

"उचलला. घातला असता की नाही, माहीत नाही. तेवढ्यात कोळणी आल्या."

मासळी उतरवून घेणाऱ्या बायका. ओरडत आल्या, "आमचे धक्क्याव रगत नको! आरं, पोरास्नी मारताव?" एकीनं हातातली मासळीची पाटी उचलून सरळ ह्याच्या तोंडावर मारली. गालाचे टाके उसवले. बर्फ, बांगडे, रक्त सगळं अंगावर. तो खाली बसला. दुसऱ्या बायकांनी चुलतभावांना पाट्यांनी आणि चपलांनी बडवलं. एकीच्या हातात मासे कापायची सुरी होती, ती सरळ धरून ती बाई त्या पडलेल्या मुलासमोर उभी राहिली. पोलिसांची गाडी आली तेव्हा ती तशीच उभी होती.

दोघांनाही एकाच सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं, पोलिसांच्या पहाऱ्यात. बरे झाल्यावर दोघंही तुरुंगात गेले.

काही महिन्यांनी शेठच्या मुलाला जामीन मिळाला आणि एके दिवशी तो माझ्या गाळ्यात येऊन उभा राहिला. त्याच्या गालावरची खूण जाड, गुलाबी, ओठ एका बाजूला ओढलेला. बोलताना शब्द थोडे घसरत होते. त्यानं ते पोस्टर काढलं, भिंतीला लावलं आणि म्हणाला, "पुरं करायचं का?"

जुना कॅनव्हास फाटला होता. मी नवा ताणला. मी विचारलं, "चेहरा कुठला काढू? आधीचा मला आठवतो."

"हा काढा," तो म्हणाला. "हातपण असाच काढा."

मग तो पुन्हा बसू लागला. चिलखत नव्हतं, ते पोलिसांनी पुरावा म्हणून नेलं होतं. मी ते पोस्टरवरून काढलं. पण क्रूस मधोमध फाटलेला काढला, कारण मी तो तसाच बघितला होता. तलवारीच्या मुठीवर तीन बोटांचा हात. गालावरची खूण मी सगळ्यांत शेवटी रंगवली. ती रंगवताना माझा हात थरथरत होता आणि त्या थरथरीमुळेच ती बरोबर आली.

शेठ बघायला आले, बायकोला घेऊन. चित्रासमोर उभे राहिले, तसेच जसे तिकडे युरोपात उभे राहिले असतील. बराच वेळ. मग म्हणाले, "हा कोन?"

"मी," मुलगा म्हणाला.

"हा माजा पोरगा नाय." त्यांनी टेबलावरचा रंग कालवायचा पॅलेट नाइफ उचलला आणि सरळ चित्राच्या गालावर नेला. रंग ओला होता. खूण पुसून काढायची होती त्यांना. मुलानं त्यांचं मनगट तीन बोटांच्या हातानं धरलं. दोघं ढकलाढकली करू लागले. शेठनं दुसऱ्या हातानं मुलाच्या तोंडात मारली, नेमकी त्याच गालावर. मुलगा टेबलावर आपटला, रंगांच्या ट्यूब खाली पडल्या, एक शेठच्या बुटाखाली फुटली. मुलानं बापाचा गळा धरला. मी ओरडले. त्याच्या हातात मला मोऱ्याचा तो हात दिसला.

शेठच्या बायकोनं पुढे होऊन नवऱ्याच्या कानाखाली मारली. इतकी जोरात, की त्यांचा डोक्यावर सरकवलेला गॉगल उडाला. सगळे जागच्या जागी थांबले. मुलाचे हात आपोआप खाली आले. ती नवऱ्याला म्हणाली, "तूच पोस्टर आनलास ना? तुलाच पायजे होता ना तलवारीवाला पोरगा? आता बघ. नीट बघ." मग माझ्याकडे वळली. "ताई, सुकला की सांगा. मी स्वतः नेईन."

ती स्वतःच घेऊन गेली, टेम्पो करून.

कोर्टात माझी साक्ष झाली त्या दिवशी बाहेर व्हरांड्यात एकच बाक रिकामा होता. त्यावर आधीच एक बाई बसली होती. साधी नायलॉनची साडी, हातात पाण्याची बाटली. मी तिच्या शेजारी बसले. थोड्या वेळानं शेठची बायकोही आली आणि माझ्या दुसऱ्या बाजूला बसली. त्या बाईनं माझ्याकडे बघून विचारलं, "चित्र काढणारी तुमीच ना?"

मी हो म्हटल्याबरोबर तिनं माझा उजवा हात पकडला आणि पिरगाळला. नखं रुतवली. "ह्याच हातानं माज्या पोराला धरून दिलास! ह्याच हातानं!" ती मला मारू लागली, डोक्यावर, पाठीवर, बाटलीनं. शेठच्या बायकोनं तिचे केस धरले. दोघी बाकावरून खाली पडल्या. महिला पोलीस धावत आल्या आणि त्यांनी दोघींना वेगळं केलं. माझ्या हातावर चार नखांचे वण उमटले होते, रक्त येत होतं. ती बाई हुंदके देत होती आणि तिची हनुवटी मी कागदावर काढलेलीच होती.

मग मला आत बोलावलं. वकिलांनी पिंजऱ्यातल्या मुलाकडे बोट करून विचारलं, हाच का? त्यानं दाढी वाढवली होती. एक खांदा खाली झुकला होता. मी खात्री होईपर्यंत बघितलं, कारण घाई करणं मला परवडणार नव्हतं. त्यानं नजर खाली केली नाही. ओठ दातांत धरला.

"हो," मी म्हटलं. "हाच."

त्याला शिक्षा झाली. पुढे मोऱ्याच्या प्रकरणात शेठच्या मुलालाही झाली, त्यापेक्षा कमी, पण झाली. चित्र त्यांच्या हॉलमध्ये आहे. शेठच्या बायकोचा मधूनमधून फोन येतो. ती सांगते, शेठ आता त्या चित्रासमोर बसून जेवतात. जेवण झालं की ताट उचलतात आणि उठतात.